ब्राझील शोधा, खजिना मिळवा: दहावीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, २२ जुलै २०२४

दहावीच्या भूगोलात भारताच्या जोडीला ब्राझील आहे. दरवर्षी जुलैत तेच होतं. भारताचा भाग मुलं ऐकतात, ब्राझील आला की खिडकीबाहेर बघतात. आज 'अजस्र कडा' (ब्राझीलच्या उच्चभूमीची पूर्वेकडची उभी कड) शिकवत होते आणि मागच्या बाकावर फुली-गोळा चालला होता. वही मागितली तर तो पठ्ठ्या म्हणतो, "मॅडम, तिथं जायचंय कधी आपल्याला?" त्याला पटेल असं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

संध्याकाळी ठरवलं, ब्राझीलवर खजिना शोध घ्यायचा. आमच्या सोलापूरच्या शाळेत आठ ठिकाणं, आठ कार्डं, आणि विषय तिथली जमीन, तिथलं सरकार, तिथला पैसा. वर्गात ५६ मुलं आहेत, म्हणजे सात-सातचे आठ गट. दुसऱ्या कुणाला असलंच काही करायचं असेल म्हणून लिहून ठेवते आहे. चुका गाळणार नाही.

तारीख धरली ७ सप्टेंबर. १८२२ साली याच दिवशी ब्राझील पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला. एवढी नेमकी तारीख सुचली म्हणून स्वतःवरच खूश होते.

मंगळवार, २३ जुलै

मुख्याध्यापक सरांनी काही न बोलता कालनिर्णय माझ्यापुढं सरकवलं. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी.

नवी तारीख शनिवार, ३१ ऑगस्ट. शनिवारी सकाळची शाळा असते. शेवटचे दोन तास मिळाले, एक माझा आणि एक पीटीच्या सरांचा. त्या बदल्यात खो-खोच्या मुलांना मी दोन तास सोडायचं.

शनिवार, २७ जुलै

पहिले प्रश्न काढले. पंचवीस निघाले. चहा घेऊन पुन्हा वाचले तर त्यातले अठरा 'पाठ आहे का?' या जातीचे. राजधानी कोणती, चलन कोणतं, भाषा कोणती. ब्राझिलिया, रिआल, पोर्तुगीज. ज्याला येतं तो सांगणार आणि उरलेले सहाजण त्याच्यामागं फिरणार. त्याला शोध म्हणत नाहीत, ती पळत घेतलेली तोंडी परीक्षा झाली.

अठराही खोडले. आता नियम असा की उत्तर कार्डावरच असलं पाहिजे, पण शोधावं, मोजावं किंवा काढावं लागलं पाहिजे. नकाशा, तक्ता, ध्वजाचं चित्र, घड्याळ, असं काहीतरी समोर हवं. साडेतीन तास गेले आणि हाती सात प्रश्न राहिले.

गुरुवार, १ ऑगस्ट

नवी पेठेतून आकड्यांची कुलपं आणली. तीन नग, १३० रुपयांचं एक, एकूण ३९०. कल्पना अशी की प्रश्नाचं उत्तर हाच कुलपाचा आकडा. बरोबर आलं तरच डबा उघडणार आणि आत पुढची चिठ्ठी. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील टॉवेल कारखान्यात आहेत, त्यांनी पॅकिंगचे दहा खोके फुकट दिले. खोक्याला कुलूप लागत नाही हे खोके घरी आल्यावर लक्षात आलं. मग माझ्याच स्वयंपाकघरातले कडीचे डबे गेले.

चार आकडी कुलपाला चार आकडी उत्तर हवं. ब्राझीलचं सर्वात उंच शिखर पिको दा नेब्लिना, उंची ३०१४ मीटर. झकास बसलं.

शनिवार, ३ ऑगस्ट

बसलं नाही. स्टाफरूममध्ये दोन नकाशासंग्रह काढले. जुन्यात ३०१४, नव्यात २९९५. गेल्या काही वर्षांत शिखर पुन्हा मोजलं आणि आकडा खाली आला. ज्या मुलाच्या घरी जुना नकाशासंग्रह आहे त्याचं कुलूप उघडणार आणि नवं पुस्तक घेणाऱ्याचं नाही, असला न्याय मला करायचा नव्हता. शिखर गेलं.

दुसऱ्या कुलपाला राजधानी बदलल्याचं साल लावलं, १९६०. हे पक्कं आहे. २१ एप्रिल १९६० ला रिओहून राजधानी ब्राझिलियाला गेली. पण हे साल पुस्तकात चौकटीत छापलेलं असतं आणि अर्ध्या वर्गाला पाठ असतं. शोधायला राहिलं काय?

तिसरं कुलूप माझ्या भाच्यानं 'बघू, बघू' म्हणत हातात घेतलं आणि खटका दाबून आकडा बदलून ठेवला. कोणता, ते त्यालाही माहीत नाही. डबा बंद, आत माझ्या चिठ्ठ्या. शेवटी शिपाई मामांनी हॅकसॉनं कडी कापली.

कुलपं बंद. ३९० रुपये पाण्यात. ज्यांना हौस असेल त्यांनी एकच कुलूप आणून आठवडाभर घरातल्या पोरांच्या हातात देऊन बघावं, मग पुढचा विचार करावा.

गुरुवार, ८ ऑगस्ट

कुलपाऐवजी अक्षरं. प्रत्येक उत्तरातलं एक अक्षर घ्यायचं, आठ अक्षरांचं एक वाक्य होईल आणि ते खजिन्याची जागा सांगेल. इंग्रजीत हे सोपं असणार. आपल्यात काय होतं बघा. "पोर्तुगीजमधलं दुसरं अक्षर घ्या" म्हटलं तर मी 'र्तु' धरला होता. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला 'तु'. मुलगी म्हणाली, "र. रफार पण र-च ना?" एकाच घरात तीन उत्तरं. शाळेत ५६ जण आहेत.

शेवटी सरळ मार्ग काढला. सगळी उत्तरं आकड्यात ठेवायची आणि फळ्याशेजारी एक मोठा तक्ता लावायचा. डावीकडं आकडा, उजवीकडं अक्षर. ९ समोर 'घं' असं. मधे चुकीच्या उत्तरांचेही आकडे पेरायचे आणि त्यांच्यापुढं भलती अक्षरं. वाक्य ठरलं: घंटेच्या खाली बघाच. घं-टे-च्या-खा-ली-ब-घा-च. मोजून आठ. आमची घंटा ऑफिससमोरच्या कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा आहे, खाली दगडी चौथरा. खजिना तिथं.

आज वर्गात सहज १९३० च्या दशकातली गोष्ट सांगितली. कॉफीचा भाव पडला म्हणून ब्राझीलच्या सरकारनं पोतीच्या पोती कॉफी जाळली. मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या वडिलांचा मुलगा पहिल्यांदाच बोलला, "आपल्याकडं कांदा रस्त्यावर ओततात तसं की ओ." ओततात ते शेतकरी आणि जाळली ती सरकारनं, यावर पंधरा मिनिटं वाद झाला. ही गोष्ट शोधात घालावी असं फार वाटलं, पण तिचं उत्तर आकड्यात येत नाही. सोडून दिली. घातली असती तर आवडलं असतं, अजूनही वाटतं.

मंगळवार, १३ ऑगस्ट

झेरॉक्स. आठ कार्डं, प्रत्येकाच्या आठ प्रती, ६४ पानं, दोन रुपयांनी १२८ रुपये. रंगीत नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स काढली. अमेझॉनचं खोरं गडद हिरवं, उच्चभूमी तपकिरी, दोन्ही काळ्या. देशांच्या सीमा कुठंच दिसेनात. ब्राझील म्हणजे शाईचा एक मोठा डाग. दुकानदार म्हणाला, "आधी एक काढून बघायची ना, मॅडम." बरोबर आहे त्याचं.

वर आणखी एक शहाणपण सुचलं: गट कार्डापाशी येणार, कार्ड गटापाशी जाणार नाही. मग आठ-आठ प्रती कशाला? एकेक रंगीत प्रत पुरे. आज हे सुचायला १२८ रुपये पडले.

शनिवार, १७ ऑगस्ट. चाचणी

नववीची २८ मुलं घेतली, चार गट. त्यांनी ब्राझील शिकलेला नाही, त्यामुळं कार्डावरच्या मजकुरावर उत्तर निघतं का ते कळणार होतं. बरंच कळलं. लिहिताना हात आखडतोय, पण लिहिते.

चारही गट एकाच ठिकाणाहून सुटले. पुढचा गट जिन्यानं वर गेला की मागचे तिघे तिकडंच. दुसरा मजला म्हणजे गड्ड्याची जत्रा. "काय करालाव बे, आमचं कार्ड हाय ते!" असा आरडाओरडा, आणि सातवीच्या वर्गातून बाई बाहेर आल्या.

डिस्टेंपरच्या भिंतीवर चिकटपट्टी धरत नाही. दोन कार्डं पडली. एक शिपाई मामांनी झाडून नेलं, दुसरं पाचवीतल्या एका पोरानं दप्तरात घातलं. "छान होतं म्हणून घेतलं," म्हणाला. व्हरांड्यातल्या कार्डावर श्रावणसर आली आणि स्केचपेननं लिहिलेलं सगळं ओघळलं. सरीनं ओल्या झालेल्या शहाबादी फरशीवर एक मुलगी घसरली. लागलं नाही, पण माझा जीव खाली-वर झाला.

आता प्रश्नांचं.

शेजारी देश किती? मी ९ धरले होते. दोन गटांनी १० लिहिले. नकाशात दहा रंग लागून आहेत हे खरंच आहे, पण त्यातला फ्रेंच गियाना देश नाही, फ्रान्सचाच भाग आहे. मुलांनी मोजलं बरोबर, मी विचारलं चूक. दक्षिण अमेरिकेतले चिली आणि इक्वेडोर हे दोनच देश ब्राझीलला लागून नाहीत, हे मात्र सगळ्यांनी शोधलं.

ध्वजावर तारे किती? २७. पेट्रोलमधलं इथेनॉल किती टक्के? २०२४ मध्ये तेही २७. दोन ठिकाणी एकच आकडा आणि तक्त्यात एकच अक्षर. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एका गटानं 'ली' दोनदा लिहिलं आणि "घंलीच्या खाली" वाचून माझ्याकडं बघत राहिला.

सिनेटचे, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाचे, सदस्य किती? प्रत्येक राज्याचे तीन आणि राजधानीच्या संघीय जिल्ह्याचे तीन. पण राज्यं किती ते दोन नंबरच्या ठिकाणी, आणि काहीजण चार नंबरवर आधी आले. त्यांनी गुणायचं कशाला?

"ब्राझीलचे पंतप्रधान कोण निवडतं?" हा माझा फसवा प्रश्न होता. ब्राझीलला पंतप्रधानच नाही. लोक थेट राष्ट्राध्यक्ष निवडतात, चार वर्षांसाठी, आणि सरकार तोच चालवतो. वाटलं होतं मुलं हसतील. एक गट सतरा मिनिटं पंतप्रधान शोधत बसला. एक मुलगी रडकुंडीला आली. फसवे प्रश्न मोठ्यांना आवडतात. काढून टाकला.

लोकसंख्येची घनता. सोलापूर जिल्हा आणि ब्राझील, दोन्हींचं क्षेत्रफळ आणि लोकसंख्या दिली होती, भागाकार करा म्हटलं. २० कोटी ३१ लाख भागिले ८५ लाख १० हजार, कॅल्क्युलेटरशिवाय, उभ्याउभ्या, भिंतीला वही लावून. कुणाचंच झालं नाही. गणिताच्या सरांनी ते कार्ड वाचलं आणि मला हात जोडले.

सत्तर मिनिटांत चारांतले दोन गट पोचले, तेही एकाला मी सांगितलं म्हणून.

रविवार, १८ ऑगस्ट

दिवसभर दुरुस्ती. प्रत्येक कार्डामागं पेन्सिलीनं लिहिलं: हे उत्तर दुसरं काही असू शकतं का? जिथं 'हो' आलं ते बदललं.

एक. "ब्राझीलच्या सीमेला लागणारे स्वतंत्र देश किती?" ९. फ्रेंच गियानाला नकाशात रेघा मारल्या आणि खाली सूची दिली.

दोन. ध्वजावर प्रत्येक राज्याचा एक तारा, अधिक संघीय जिल्ह्याचा एक. "मग राज्यं किती?" २६. म्हणजे इथेनॉलशी भांडण मिटलं. ध्वजावरचं आकाश १५ नोव्हेंबर १८८९ च्या सकाळचं रिओवरचं आहे, प्रजासत्ताक झालं त्या दिवसाचं, हेही कार्डावर घातलं. उत्तराला लागत नाही, पण मला आवडतं.

तीन. सोलापुरात दुपारचे बारा वाजले तर ब्राझिलियात किती? भारताची वेळ ८२°३०' पूर्व रेखावृत्तावरची, ब्राझिलियाची ४५° पश्चिमेवरची, दर अंशाला चार मिनिटं. पहाटेचे साडेतीन. परीक्षेलाही हेच येतं. नुसतं 'ब्राझील' लिहायचं नाही, 'ब्राझिलिया' लिहायचं. त्या देशात चार प्रमाणवेळा आहेत.

चार. सिनेटच्या कार्डावर सगळ्या राज्यांची आणि संघीय जिल्ह्याची यादीच छापली. मोजा आणि तिनानं गुणा, ८१. दुसरं ठिकाण आधी झालेल्यांची दोन मिनिटं वाचतील. वाचू देत.

पाच. इथेनॉल. "२०२४ मध्ये ब्राझीलच्या पंपावर ४० लिटर पेट्रोल भरलं, त्यात १०.८ लिटर इथेनॉल. टक्के किती?" २७. हे उसापासूनचं इथेनॉल आहे आणि १९७५ पासून तिथल्या सरकारनं त्याच्यामागं जोर लावला, हे दोन ओळींत. आमच्या अर्ध्या वर्गाच्या घरचा ऊस कारखान्याला जातो, त्यांना जास्त सांगायची गरज नाही.

सहा. मतदान. तक्ता: १८ ते ७० वयाच्या साक्षरांना सक्तीचं, त्याच्या अलीकडच्या दोन वर्षांत आणि सत्तरीनंतर ऐच्छिक. "सर्वात लहान मतदार किती वर्षांचा?" १६.

सात. घनता तयार देऊन टाकली. सोलापूर जिल्हा २९० (२०११ ची जनगणना), ब्राझील सुमारे २४ (२०२२ ची). आपल्याकडं किती पट दाटी? पूर्णांकात १२.

आठ. पंतप्रधानांच्या जागी नवीन. मेजावर आठ गोष्टी: चावी, पाव, कोबी, बटाटा, घमेलं, काजू, चमचा, कंदील. यातली किती नावं पोर्तुगीजातून मराठीत आली? शेजारी ब्राझीलमध्ये बोलतात त्या शब्दांची यादी, देवनागरीत. शावे, पांव, कोव्ह, बटाटा, गामेला, काजू. उच्चार तंतोतंत नसतील, ओळखण्यापुरते आहेत. उत्तर ६. साबणही ठेवणार होते, पण तो पोर्तुगीजातून आला की अरबीतून यावर स्टाफरूममध्ये दोन तट पडले. जिथं शिक्षकांचं एकमत नाही ते मेजावर नको.

पळापळीवर उपाय: चालायचं, पळताना दिसलं की दोन मिनिटं एका जागी उभं. प्रत्येक गट वेगळ्या ठिकाणाहून सुरू करणार आणि आकड्यांच्या क्रमानं पुढं जाणार. आठनंतर एक. कुणी कुणाच्या मागं नाही.

बुधवार, २१ ऑगस्ट

रंगीत प्रिंट सहा, दहा रुपयांनी ६०. बाकीचे साधे कागद आणि उत्तरपत्रिका मिळून ४० पानं, ८० रुपये. प्लास्टिकची पाकिटं आठ, ८०. ही पाकिटं घ्याच, लॅमिनेशनपेक्षा स्वस्त पडतात आणि कार्ड बदलता येतं. चिकटपट्टीऐवजी सुतळी, खिडकीच्या गजाला बांधायची. पाचवीच्या वर्गात जाऊन सांगून आले की शनिवारी काही छान दिसलं तरी दप्तरात घालायचं नाही.

गटांना नावं ब्राझीलच्या मालाची: कॉफी, ऊस, कापूस, सोयाबीन, संत्रं, लोखंड, मका, कोंबडी. शेवटचं नाव कुणी घेईना. चिठ्ठ्या टाकल्या.

चाचणीत गटातले दोघं काम करत होते आणि बाकीचे हवा खात होते. म्हणून आता प्रत्येक ठिकाणी लिहिणारा वेगळा. पेन पुढच्याकडं. उत्तरपत्रिकेवर अक्षर बदललेलं दिसलं पाहिजे, मी बघणार.

गुरुवार, २९ ऑगस्ट

खजिना काय? काजू म्हणत होते. बाजारात भाव विचारला आणि दुकानातून तशीच बाहेर आले. मग घरी शेंगाचटणीची बरणी समोर दिसली. शेंगदाण्याचं मूळ दक्षिण अमेरिकेतच आहे. सोलापूरच्या पोरांना शेंगा परदेशी आहेत हे सांगण्यातली मजा काजूत नाही. शेंगांचे लाडू, साठ नग, पाच रुपयांनी ३००.

शनिवार, ३१ ऑगस्ट

प्रार्थनेच्या आधीच एक मुलगा धावत आला. "मॅडम, ब्राझीलमध्ये एक्स बंद केलं! कोर्टानं!" एक्स म्हणजे पूर्वीचं ट्विटर. रात्री बातमी आली होती, मी बघितली नव्हती. लगेच दुसरा म्हणाला, "राष्ट्राध्यक्षानं केलं असणार, सगळं तोच चालवतो म्हणालात ना." पहिल्यानं मोबाइलवरचं वाचून सांगितलं की नाही, सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशांनी. महिनाभर कार्डं घासूनही न्यायसंस्थेवर माझ्याकडं एकही प्रश्न नव्हता, आणि तो असा फाटकातून चालत आला.

९ वाजून ४० मिनिटांनी सुरुवात. पाऊस नाही.

पहिला अडथळा आठ नंबरच्या मेजावर. कॉफी गटानं नाही नाही म्हणता पावाचा कोपरा खाल्ला. संत्रं गटात तीन भाषांचं घर आहे. एकजण म्हणाली, आमच्यात काजूला जीडिपप्पू म्हणतात, तेलुगूत. दुसरी म्हणाली, कन्नडमध्ये गोडंबी. तिसऱ्यानं सांगितलं, गोडंबी म्हणजे तर बिब्ब्याची, हिवाळ्यात आई लाडवात घालते. पाच मिनिटं गेली त्यांची. मी घड्याळ बघत होते आणि थांबवावंसं वाटत नव्हतं.

मतदानाच्या कार्डापाशी सगळ्यात जास्त गलका. वर्गातली बहुतेक मुलं पंधराची आहेत. "म्हणजे पुढच्या वर्षी मी तिथं मत दिलं असतं?" हे वाक्य मी आठपैकी किमान पाच गटांकडून ऐकलं. मग लगेच, "आणि अठराला नाही दिलं तर दंड?" दंड आहे, पण किरकोळ. त्यावर त्यांचा उत्साह जरा ओसरला.

घनतेच्या कार्डावर १२ सगळ्यांचं आलं, पण ऊस गटानं त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं: मग सगळे राहतात कुठं? चांगला प्रश्न. किनाऱ्याला आणि शहरांत, आत अमेझॉनमध्ये विरळ. हे मी पुस्तकातून दोनदा शिकवलं होतं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

आता गडबड. पहिल्या ठिकाणाहून सुटलेल्या गटाला सहाच अक्षरं मिळाली होती, घं-टे-च्या-खा-ली आणि ब. पुढचं ओळखून ते थेट घंटेकडं निघाले. नियमात 'आठही उत्तरं लिहून दाखवा' असं मी लिहिलंच नव्हतं. पीटीच्या सरांनी त्यांना कडुलिंबाखाली अडवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी परत पाठवलं. ते चिडले, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. पुढच्या वेळी खजिन्याची जागा शेवटच्या दोन अक्षरांवर अडली पाहिजे, किंवा नियम तरी छापला पाहिजे.

वेळेचं कार्ड दोन गटांना सोडवता आलं नाही. दोघांनी साडेआठ तास 'पुढं' मोजले. पश्चिमेला मागं जायचं हे विसरले. कोंबडी गटाला लोक हसले होते, तो गट सर्वात आधी सगळं पूर्ण करून आला, ५८ मिनिटांत. शेवटचा गट ७१ मिनिटांत, घंटा होऊन गेल्यावर. रिक्षावाले काका फाटकापाशी हॉर्न वाजवत होते.

लाडू वाटले. शेंगा मूळच्या तिकडच्या म्हटल्यावर एकजण लाडू हातात धरून म्हणाला, "मग आपलं काय आहे ओ मॅडम?" कुणीतरी उत्तर दिलं, "चटणी."

सोमवार, २ सप्टेंबर

हिशोब. कुलपं ३९०, वाया गेलेली झेरॉक्स १२८, दुसरी झेरॉक्स ८०, रंगीत प्रिंट ६०, पाकिटं ८०, कार्डशीट सहा ७२, सुतळी-स्केचपेन-पिना ९५, लाडू ३००. एकूण १,२०५ रुपये. त्यातले ५१८ निव्वळ माझ्या घाईचे. पुन्हा करणाऱ्याला ६८७ मध्ये होईल, खजिना धरून. वेळ माझा साधारण वीस तास, त्यातला बराचसा प्रश्न खोडण्यात.

बुधवार, ४ सप्टेंबर

आज वर्गात 'अवर्षण चतुष्कोन' घेतला. ब्राझीलच्या ईशान्येचा कोरडा भाग, उच्चभूमीच्या पर्जन्यछायेतला. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, ते त्यांच्या डोंगराच्या. फळ्यावर दोन्ही काढले. मंगळवेढ्याकडून येणारी एक मुलगी, जी शोधाच्या दिवशीही फारशी बोलली नव्हती, तिनं हात वर केला. "तिथंबी टँकर येतो का?"

माहीत नव्हतं मला. उद्या सांगते म्हटलं.

गुरुवार, ५ सप्टेंबर

शिक्षक दिन, दहावीची मुलंच आज शिक्षक झाली होती, त्यामुळं मधल्या सुट्टीत सांगितलं. येतो. तिथल्या दुष्काळी गावांना सरकार टँकरनं पाणी देतं, ते काम सैन्य सांभाळतं. टँकरला तिथं म्हणतात 'कारु-पिपा'. कारु म्हणजे गाडी. पिपा म्हणजे काय ते तिनंच ओळखलं. "पिंप!" तिच्या घरासमोर दोन आहेत, निळी, टँकर आला की भरायची.

पुढच्या वर्षी आठ नंबरच्या ठिकाणी पिंप ठेवायचं. मेजावर मावणार नाही, खाली ठेवावं लागेल. मग ६ चे ७ होतील आणि तक्त्यातला 'च' एक ओळ खाली सरकवावा लागेल. कार्डाच्या मागं पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे.